पुढचा आवाज

आमची जिजी कुणाचा हेवा करायला लागली की तसं त्या माणसाला सांगून टाकायची. तोंडावर, आणि तेही अगदी शांतपणे. शेजारणीकडे नवं वॉशिंग मशीन आलं तेव्हा जिजी बघायला गेली, झाकण उघडून आत डोकावली, पाणी कुठून येतं नि कुठून जातं ते विचारून घेतलं, चहा प्यायली आणि उठताना म्हणाली, "मशीन बेस शे व माय. मन्हं पोट जयी ऱ्हायनं." अहिराणीत जळणं म्हणजे जयणं. पोट जळतंय हे वाक्य आमच्या गावात, रनाळ्यात, आम्ही तिच्या तोंडून इतकं ऐकलं होतं, की कुणी नवी वस्तू आणली आणि जिजी ती बघून नुसतंच छान आहे म्हणाली, तर त्या घराला चुकल्यासारखं व्हायचं. वस्तूत काही खोट तर नाही ना, असं वाटायचं.

ती माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन शहाद्याहून आले तेव्हा तिचा मुलगा दहावीला बसायचा होता, म्हणजे आमच्यात अर्ध्या पिढीचं अंतर होतं. घरात सगळे तिला जिजीच म्हणत, सासूबाईसुद्धा. हाडापेरानं मोठी, पाय आपटत चालणारी बाई. हेवा तिला कशाचाही वाटे. कुणाच्या लोणच्याला बुरशी येत नाही याचा, कुणाच्या सुनेच्या वेणीचा, कुणाच्या म्हशीनं पारडीच दिली याचा. पण त्या हेव्याला डंख नव्हता. ज्याचा हेवा वाटे त्याच्या पाठीमागे ती चकार शब्द काढत नसे. म्हणायची, "मांगे बोलनं म्हंजे शियं वाढनं. ज्यान्हं त्याले ताजं वाढी देवानं." शियं म्हणजे शिळं.

माझ्या ताटात तिचं ताजं वाढलं गेलं ते पहिल्याच श्रावणात. खानदेशात श्रावणात कानबाई बसते. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नारळाला डोळे नि नथ लावून देवी सजवतात, रोट करतात, दिवेलागणीपासून बायकांची गाणी चालतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत, नाचत देवीला नदीवर नेतात. आमच्या गल्लीची गाणी जिजीच्या ताब्यात होती. ती सुरू करायची, बाकीच्या झेलायच्या. त्या वर्षी कुणीतरी म्हणालं, नवी सून शहाद्याला पेटीच्या क्लासला जायची म्हणे, तिलाही म्हणू द्या. मी म्हटलं. बायका गप्प होऊन ऐकत बसल्या आणि संपल्यावर अजून एक म्हण म्हणाल्या. मी दुसरंही म्हटलं. नंतर आत रोटाच्या पिठाचं पातेलं उचलायला गेले तर जिजी पलीकडचा कान धरायला पुढे आली. "तू चांगली गास," ती म्हणाली. मी लाजले. पातेलं खाली ठेवल्यावर तिनं उरलेलं वाक्य पूर्ण केलं, "माले आवडनं नही."

त्या दिवसापासून आम्हा दोघी जावांची चुरस लागली असं गल्ली म्हणायची. खरं होतं ते. पण गल्लीला अर्धंच दिसत होतं. जिजीचं पोट जळत होतं हे तिनं सांगितल्यामुळे सगळ्यांना माहीत होतं. माझं जळत होतं ते मात्र कुणाला कळलं नाही. मी गायला लागले की बायका ऐकायच्या. जिजी गायला लागली की बायका गायच्या. भिंतीला टेकून बसलेली, कधी तोंड न उघडणारी म्हातारीसुद्धा टाळी धरायची. जिजीचा आवाज जाड, कडेला थोडा फाटलेला, पण माईकशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मी पेटीवर काळी चार धरून बसलेली असे आणि ती भलत्याच सुरात सुरुवात करून माझ्या पेटीला मागे मागे फिरवायची. आमचे हे मला समजावत, तुझा आवाज तिच्याहून कितीतरी गोड आहे. मला राग यायचा. गोड आवाजावर माना डोलतात. कानबाईपुढे नाचायला पाय उठतात ते जिजीच्या आवाजावर. मला ते पाय हवे होते.

तिच्याकडे एक गाणं होतं, तिच्या माहेरचं. माहेर तापीकाठी. गाण्यात कानबाई नदीच्या उतारावर येते आणि तापी तिला पलीकडे जाऊ देत नाही. आधी माझ्यासाठी एक गाणं म्हण, मग जा, असं नदी अडून बसते; कानबाई म्हणते मला येत नाही, आणि मग काठावरच्या सगळ्या बायका तिच्या वतीनं गातात. रनाळ्यात ते दुसऱ्या कुणालाच पूर्ण येत नव्हतं. जिजी ते सर्वांत शेवटी काढायची, आणि कुणी आधीच म्हण म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायची. वर्षानुवर्षं ऐकून मला ते पाठ झालं होतं, पण तिच्यादेखत गुणगुणायचीही माझी हिंमत नव्हती.

एका कानबाईला तिचा घसा बसला. हळदीचं दूध, लवंग, सगळं झालं, आवाज उठेना. शेवटचं गाणं यायची वेळ झाली तशी तिनं माझ्याकडे बोट केलं. बाकी कुणाकडे नाही, माझ्याकडे. मी म्हटलं. भाऊबंदांपैकी कुणीतरी मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं, ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरलं, आणि थंडी सरता सरता शहाद्याहून यांना फोन आला. स्टँडजवळच्या एका दुकानाच्या माडीवर स्टुडिओ चालवणारे एक गृहस्थ अहिराणी गाणी करून इंटरनेटवर टाकत. सगळे त्यांना सर म्हणत. येत्या श्रावणासाठी त्यांना हेच गाणं हवं होतं, आणि गायिका म्हणून मी. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग करायचं ठरत होतं.

यांनी ही बातमी सगळे जेवायला बसल्यावर सांगितली. जिजी भाकरी टाकत होती. तव्यावरची उलटायची राहिली आणि करपल्याचा वास आला. "गाणं मन्हं," ती म्हणाली, "आनि बलावनं तुले." मी घाईनं म्हणाले की मी नाही म्हणून कळवते. मनापासून म्हणाले नव्हते, आणि ते तिला कळलं. "तू नही म्हनशी तं ते माले बलावतीन का?" तिनं विचारलं. मग तिनं करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात टाकली. "आज मन्हासंगे बोलू नको. सकाय मी सोता बोलसू."

आणि खरंच, सकाळी स्वतः आली. माझ्यासाठी चहा घेऊन आली होती, त्यात साखर कमी नि सुंठ जास्त. आजपासून लोणचं बंद, ताक बंद, फ्रिजचं पाणी बंद, असं तिनं जाहीर केलं. दुपारी माझ्यासमोर बसून कैरीचं ताजं लोणचं भाकरीवर घेऊन खाल्लं, बोटं चाटून चाटून. मी बघत राहिले. "आते तुले कयनं," ती म्हणाली, "जयनं काय ऱ्हास ते." जळणं काय असतं ते मला कैरीवरून कळावं, ही तिची इच्छा.

स्टुडिओतून मोबाइलवर वाद्यांचा ट्रॅक आला. कानात इअरफोन घालून त्याच्यासोबत गायची सवय करा, असं सरांनी सांगितलं होतं. ट्रॅकमध्ये ठेक्याची टिकटिक होती, तिच्या पुढे-मागे एक श्वासही चालणार नव्हता. शिवाय आवाज घुमायला नको, म्हणून मी गोधड्यांच्या खोलीत, दोन्ही बाजूंनी गोधड्यांच्या चळती लावून गायला बसे. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. नंदुरबारकडचा वैशाख ज्यानं सोसलाय त्याला त्या खोलीची कल्पना येईल. घामानं ब्लाउज अंगाला चिकटायचा. जिजीनं एकदा दार ढकलून आत बघितलं आणि विचारलं, "गाणं म्हनी ऱ्हायनी का बायतीन व्हयी ऱ्हायनी?" घामानं निथळणारी मी बाळंतीणच दिसत असणार. मला हसू फुटलं आणि त्या दिवशीचा सराव तिथंच संपला.

त्याच दिवसांत वर्षाच्या मिरच्यांचं काम निघालं. आमच्याकडे मिरची भाजायला, कुटायला घेतली की आळीभर ठसका उठतो. दरवर्षी ते आम्ही दोघी मिळून करायचो. त्या वर्षी जिजीनं मला माळ्यावर पिटाळलं नि खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. खाली ती नि शेजारच्या दोघी-तिघी. दोन दिवस तिचे डोळे जास्वंदीसारखे लाल होते आणि खोकून खोकून कंबर धरली होती. मी पाणी घेऊन गेले तर हात झटकून म्हणाली, "जाय वर. गाणं तुन्हं, खोकला मन्हा." मी वर गेले. पायऱ्या चढताना मला वाटलं, ही माझ्यासाठी एवढं करतेय, आता तरी माझ्या मनातला काटा निघावा. निघाला नाही. उलट नवीनच भीती वाटायला लागली. हिनं माझ्यासाठी केलंय तर ही काहीतरी मागेल.

तिनं मागितलं. एके दिवशी तिनं माझे इअरफोन स्वतःच्या कानात घातले आणि ट्रॅक लावायला सांगितला. मी लावला. ती गायला लागली आणि पहिल्या कडव्यातच ठेक्याच्या पुढे निघून गेली. कानबाईची गाणी अशीच असतात, नाचणाऱ्यांचा पाय वाढला की गाणं वाढतं. तिनं पुन्हा केलं, पुन्हा पुढे गेली. मला आतून जो आनंद झाला तो मी मोबाइलमध्ये डोकं घालून लपवला. जिजीनं इअरफोन काढले, त्यांच्याकडे बघितलं. "हाई मन्हामांगे कसाले धावी ऱ्हायनं?" ती म्हणाली. आणि मग, "तू जिकनी. पन मी बी शहादाले येसू."

मला ती यायला नको होती. हे एकच काम माझं स्वतःचं होतं. त्यात दार ढकलून कुणी बघायला नको होतं. यांना सांगून स्टुडिओत बसायला जागा नाही वगैरे काही काढता आलं असतं. पण तिच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर तसं शिळं वाढायची लाज वाटली. मी तिला सरळ सांगितलं की जिजी, तुम्ही आलात तर माझं पोट जळेल, गाता यायचं नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू घरातल्या मुक्या माणसाला वाचा फुटली. मग इतकी हसली की खोकला पुन्हा उसळला. "मंग जय," ती म्हणाली. "मी बी जयस. दोन्ही जयत जाऊत."

रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही तिघं, हे, मी नि जिजी, एसटीनं निघालो. सरांनी फोनवर सांगितलं होतं की बांगड्या घालून येऊ नका, माईकमध्ये किणकिण येते. भरल्या घरातली बाई मोकळ्या हातांनी बाहेर पडणार, हे सासूबाईंना पटेना आणि मलाही कसंसंच वाटत होतं. प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडेपर्यंत मी हात पदराखाली धरून बसले होते, बांगड्या तशाच. जिजीनं पिशवीतून जुन्या मऊ लुगड्याची पट्टी काढली आणि गाडीच्या धक्क्यांत माझ्या दोन्ही हातांच्या बांगड्या त्या पट्टीनं गुंडाळून टाकल्या, एकही हलू नये अशा. मग आपल्या हातांच्याही गुंडाळल्या. तुम्ही कशाला, असं मी विचारलं. ती खिडकीबाहेर केळीच्या बागांकडे बघत राहिली.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. भिंतींना काळा फोम, मध्ये काच. काचेच्या एका बाजूला सर नि त्यांचा कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला माईक आणि मी. माईकवर ओठ टेकतील इतक्या जवळून गायचं होतं. पहिल्या खेपेला माझा आवाज माझ्याच कानात इतक्या जवळून आला की मी दचकून थांबले. पण गोधड्यांच्या खोलीतला घाम वाया गेला नव्हता. हळूहळू जमलं. ठेका एकदाही सुटला नाही. बाहेर आले तेव्हा सर म्हणाले, फार स्वच्छ गायलात, ताई. जिजी बाकावर बसली होती. तिनं मला आपली पाण्याची बाटली दिली. "चांगलं व्हयनं," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे काहीच जोडलं नाही. पहिल्यांदाच. मला वाटलं, संपलं, मी जिंकले.

मागे कोरस म्हणणाऱ्या मुली संध्याकाळी यायच्या होत्या. सरांनी सहज विचारलं, मावशी गातात का, त्यांचा एक आवाज घेऊन बघू. जिजी आत गेली. तिनं हेडफोनचा एक कान मोकळा ठेवला आणि सुरुवात केली. मी काचेतून बघत होते, ती आता पुढे पळणार म्हणून. ती पळाली नाही. नंतर कळलं की दुपारी मी झोपले की ती गोठ्यामागे बसून यांच्या मोबाइलवर ट्रॅक लावून म्हणायची. यांनीच तिला लावून दिला होता आणि मला बोलायचं नाही अशी ताकीद तिनं दिली होती. त्या खोलीत तिचा आवाज मावत नव्हता. सर खुर्चीत पुढे सरकून बसले. तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग एकदा सबंध गाणं म्हणायला लावलं. आणि माझ्यासमोरच यांना म्हणाले, "पुढचा आवाज मावशींचा ठेवू. ताईंचा मागे लावू. गाणं उठेल."

त्या क्षणी मला जे झालं ते सांगायला जिजीचेच शब्द लागतात. पोटात खरोखर आग पडली. मी मान हलवली, हसले, चालेल की म्हणाले. हे माझ्याकडे बघेनात. मी बांगड्यांवरच्या पट्टीची गाठ सोडायला लागले आणि ती सुटेना. सरांच्या टेबलावरचा छोटा माईक चालू होता, म्हणजे बाहेरचं सगळं बोलणं आत जिजीच्या हेडफोनमध्ये जात होतं. मी वर बघितलं तर ती काचेपलीकडून माझ्याकडे बघत होती.

ती बाहेर आली. हेडफोन तिनं नीट खुंटीला अडकवला. सरांना म्हणाली, "पुढे ती म्हनी. मी मांगे." सर समजावू लागले, की मावशी, गाण्याच्या भल्यासाठी सांगतोय, असा आवाज मिळत नाही. जिजीनं ते पूर्ण ऐकून घेतलं, आणि ते ऐकायला तिला आवडतंय हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाली, "गाणं मन्हा माहेरनं शे. मी सांगस. माले जयानी सवय शे, कोणले जयाडानी नही." सरांना अहिराणी येत होती. जळायची सवय आहे, जळवायची नाही, हे ऐकून ते कॉम्प्युटरकडे वळले. गाणं तसंच झालं. माझा आवाज पुढे, तिचा मागे.

परतीच्या गाडीत हे पुढच्या सीटवर पेंगत होते. जिजी शेंगा सोलून एक दाणा मला, एक स्वतःला, अशी खात होती. मी तिला विचारलं, असं का केलंत. तिनं मूठभर टरफलं खिडकीबाहेर टाकली. "काचमाईन तुन्हं तोंड देखं मी," ती म्हणाली. "मन्हंच तोंड व्हतं ते." माझे डोळे भरून आले. मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला आणि पुढचं ताजं वाढलं, "पन खोटं कसाले बोलू? तुले जयतांना देखीसन माले भलतं गोड वाटनं."

श्रावणात गाणं आलं आणि आमच्या कल्पनेपेक्षा जास्त चाललं. कानबाईच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीत वाजलं, वरच्या आळीत वाजलं, बाजारच्या दिवशी फिरणाऱ्या गाडीवर वाजलं. नावांत पहिलं माझं, खाली सहगायिका म्हणून तिचं. सहगायिका म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. "म्हंजे देराणी," ती म्हणाली. धाकटी जाऊ. लोक मला रस्त्यात थांबवून विचारत, तेव्हा ती शेजारी उभी राहून ऐकायची, आणि ते गेल्यावर मला रीतसर कळवायची की पोट जळतंय. माझंही जळत होतं. मिरवणुकीत बायका नाचायला लागायच्या त्या माझ्या ओळीवर नाही, मागून तिचा आवाज उचलून धरायचा तिथं. हे आता मी तिला सांगत होते. आम्ही दोघी एकमेकींना सांगून झालं की चहा ठेवायचो.

दोन-तीन वर्षांनी तिच्या मुलानं सुरतला घर घेतलं आणि आईवडिलांना न्यायचं ठरवलं. कापडाच्या कामात तो तिकडेच रुळला होता, मोठ्या भाऊजींचे गुडघे गेले होते, शेतीकडे आम्ही होतो. नंदुरबार स्टेशनवर आम्ही पोचवायला गेलो. डब्यात पिशव्या लावून झाल्यावर जिजी दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं मला सांगितलं की तापीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात मी एक शब्द अजूनही पुस्तकी म्हणते, तो सुधार. गाडी हलली तेव्हा मी रडले. ती हात हलवत होती आणि तिचे ओठ हलत होते, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

तिकडून फोन यायचे. बिल्डिंगमध्ये सगळे आपल्याकडचेच, खानदेशातलेच. कानबाईसुद्धा बसते. पण तिला करमत नव्हतं. "इठे कोणी बरं गातच नही," ती एकदा म्हणाली. "आते मी कोणवर जयू?" मी तिला म्हटलं, सुट्टीत या, मी नवीन गाणं बसवलंय, जळायला भरपूर आहे. येते म्हणाली. तिचा श्वास फोनवर जड वाटत होता. फुप्फुसात पाणी झालंय हे तिनं सांगितलं नाही, मुलानं नंतर सांगितलं. आम्ही तिला बघायला निघायच्या तयारीत असतानाच ती गेल्याचा फोन आला.

सुरतला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दुखवट्याला, दारावर बसायला बिल्डिंगमधल्या बायका येत होत्या, जिन्यापर्यंत चपला. मी भिंतीशी बसले होते. एक बाई माझ्याजवळ सरकली. मी गावाकडून आलेली, एवढंच तिला कळलं होतं. ती हलक्या आवाजात जिजीबद्दल सांगायला लागली, की रोज संध्याकाळी गॅलरीत बसून मोबाइलवर गाणं लावायची, आम्हाला बोलावून ऐकवायची. "काय गोड गाये व माय," ती म्हणाली. "म्हने, हाऊ पुढला आवाज मन्हा."

मी मान खाली घातली. बाईला वाटलं मला पटलं नाही. तिनं पदराआडून मोबाइल काढला, आवाज अगदी बारीक केला आणि माझ्या कानाशी धरला. तापी कानबाईला अडवत होती. पुढे मी होते, स्वच्छ, ठेक्यावर. मागून जिजी आली, जाड, कडेला फाटलेली, सगळ्यांना उचलून घेत.

"ऐका, कसा आवाज," बाई पुढच्या आवाजाबद्दल म्हणाली. मग तिनं मोबाइल स्वतःच्या कानाशी नेऊन थोडं ऐकलं. "मांगे तिन्ही देराणी शे, म्हने. म्हने, मन्हापेक्षा ती भारी गास, माले सहन व्हत नही." तिनं गाणं बंद केलं आणि माझ्याकडे निरखून बघितलं. "तुम्हीच का ती?"

पोटात जुनी आग उठली, आणि या खेपेला ती सांगायला समोर कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मागचा आवाज माझा."